काकू, डबी घेऊ का?



मागच्या आठवड्यात तांदूळ निवडत बसले होते. आमच्याकडे स्वयंपाकाला मदत करणाऱ्या बाई शेजारी येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "काकू, पोरीसाठी ते नेटची डबी घेऊ का? दुकानदार हप्त्यानं देतो म्हणते."

त्यांची मुलगी बारावी होऊन भरतीच्या परीक्षेची तयारी करते आहे. शिकवणी ऑनलाइन आहे, दर रविवारी सराव परीक्षा असते. रोवणी लागली की मायलेकी महिनाभर सालेकशाच्या पुढे मामाच्या टोल्यावर जातात, कारण रोवणीची मजुरी सोडणं त्यांना परवडत नाही. तिथे नेट लागत नाही म्हणून ही डबी घ्यायची. तिची किंमत 2,200 रुपये, म्हणजे त्यांच्या कितीतरी दिवसांची कमाई.

मी काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून आमच्या भाऊजींचा आवाज आला, "घ्या हो घ्या! फोनवरचं नेट ते काय नेट? डबीची बात वेगळी."

हा लेख त्या एका वाक्याशी भांडायला लिहिते आहे. भाऊजी वाचतात माझं लिखाण. वाचू दे.

ज्यांना डबी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. साबणाच्या वडीएवढं यंत्र असतं. त्यात मोबाइलचंच सिम घालायचं, ते टॉवरवरून नेट घेतं आणि वायफाय करून आसपासच्या फोनला, लॅपटॉपला देतं. आता हेच काम आपला फोन करतो. सेटिंगमध्ये जाऊन हॉटस्पॉट सुरू केला की झालं. वायर लावून दिलं तरी चालतं. या देण्याला टेदरिंग म्हणतात. म्हणजे 2,200 रुपये मोजून आपण असं यंत्र आणतो, ज्याचं काम खिशातलं यंत्र आधीच करतंय.

भाऊजींचा मुद्दा असा की डबी नेट "खेचते". अहो, काय खेचते? विहिरीत पाणी नसेल तर बादली बदलून काय होणार? डबीला वेगळा टॉवर नसतो. ज्या कंपनीचं सिम आत, त्याच कंपनीचा टॉवर तिलाही लागतो. उलट बाजारातल्या स्वस्त डब्या बहुतेक 4जीच्या असतात आणि आपल्या हातातला फोन 5जीचा असतो. आपलं जुनं ते बाजूला ठेवून नवं घ्यावं हे समजतं, पण पैसे देऊन मागचं घ्यायचं?

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या घरात ही डबी होती. भाऊजींनीच आणलेली.

गेल्या वर्षी जुलैत आम्ही घरची सात माणसं डोंगरगडला चंद्रगिरीला निघालो होतो. आचार्यश्री विद्यासागरजी महाराजांची समाधी तिथे फेब्रुवारी 2024 मध्ये झाली, तेव्हापासून सासूबाईंची इच्छा होती. नेमका त्याच दिवशी पुतणीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाचा कॅप फेरीचा पर्याय अर्ज निश्चित करायचा शेवटचा दिवस. जाऊबाई म्हणाल्या, आपण थांबू. भाऊजी म्हणाले, "डबी आहे ना! पोरगी गाडीत बसून भरेल."

गोंदियाहून गाडी सुटली. पोरीने लॅपटॉप उघडला, डबी सुरू केली, हिरवा दिवा लागला. लॅपटॉप म्हणाला, जोडलं. आणि पान काही उघडेना. गुदमा गेलं. डबी बंद करून पुन्हा लावली. मग जाऊबाईंच्या लक्षात आलं की डबीच्या सिमचा रिचार्ज संपला आहे. आपल्या फोनचा संपला की दिवसाला चार वेळा आठवण येते. डबीच्या सिमला आलेली आठवण डबीच्या पोटातच राहते, कोण वाचणार? बरं, रिचार्ज करू म्हटलं, तर तो करायला भाऊजींनी काय काढलं? स्वतःचा फोन! त्यावर नेट छान चालू होतं. त्या नेटवर पैसे भरून ते डबीचं नेट सुरू करत होते. पैसे गेले, पण रिचार्ज "प्रक्रियेत आहे" असं सांगत राहिला.

पोरीचे डोळे भरून आले होते. पुढे दरेकसा आहे, डोंगर, बोगदा; तिथे कोणाचंच काही चालत नाही हे त्या गाडीने जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शेवटी जाऊबाईंनी आपल्या फोनचा हॉटस्पॉट सुरू करून दिला. आमगाव सोडल्यावर तोही अडखळायला लागला. त्यांची कंपनी वेगळी, माझी वेगळी. माझ्या फोनवर दोन काड्या दिसत होत्या. मी माझा दिला. यादी लॅपटॉपमध्ये तयारच होती. सालेकसा यायच्या आत अर्ज निश्चित झाला आणि पोरीने पावती डाउनलोड करून मला मिठी मारली. भाऊजी खिडकीबाहेर बघत होते.

त्या दिवशी कामाला आलं ते काय? तर सात माणसांच्या खिशात तीन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं होती. डबीत एकच असतं.

घरी आल्यावर मी वही काढली. 1982 ची नागपूर विद्यापीठाची बी.कॉम. आहे मी, आयुष्यभर वाण्याचा आणि दुधाचाच हिशोब केला, पण हिशोब करता येतो. डबी 2,200. त्या वर्षात नऊ रिचार्ज, प्रत्येकी 200, म्हणजे 1,800. एकूण 4,000. घराबाहेर डबी वापरली किती दिवस? सोळा. दिवसाला 250 रुपये पडले. आणि त्या सोळाही दिवशी आमच्या प्रत्येकाच्या फोनमधला रोजचा दीड जीबी रात्री बारा वाजता न वापरता मेला. शिवाय हा "महिन्याचा" रिचार्ज 28 दिवसांचा. 365 ला 28 ने भागा, वर्षाचे तेरा होतात. बारा महिन्यांचं वर्ष असलेल्या देशात तेरावा महिना या कंपन्यांनी काढला, आणि जुलै 2024 मध्ये दरही वाढवले. त्यांच्या खात्यात आणखी एक सिम आपण कशाला भरावं?

दिवाळीच्या साफसफाईत ती डबी कपाटात सापडली. पुरीसारखी फुगली होती. आतली बॅटरी महिनोनमहिने रिकामी पडून खराब झालेली. कचऱ्यात टाकता येत नाही, घरात ठेवायची भीती. आपण परिग्रह-परिमाणाचा नियम घेतो तेव्हा साड्या मोजतो, दागिने मोजतो, भांडीसुद्धा मोजतो. चार्जर लागणाऱ्या वस्तू कोणी मोजत नाही. मोजून बघा एकदा. मी मोजल्या आणि लाज वाटली. आकडा इथे लिहीत नाही.

आता विरुद्ध बाजूचं खरं तेही सांगते, नाहीतर भाऊजी म्हणतील वहिनी एकांगी लिहितात. हॉटस्पॉटने फोनची बॅटरी भराभर उतरते आणि फोन तापतो. आपल्याकडच्या मे महिन्यात तर हात लाववत नाही. दुसरं, दोन सिमच्या फोनमध्ये नेट एका सिमवर असेल आणि कॉल दुसऱ्यावर आला, तर बऱ्याच फोनमध्ये बोलणं संपेपर्यंत नेट थांबतं. ज्याला दिवसभर फोनवर बोलायचं आणि त्याच वेळी लॅपटॉपवर कामही करायचं, ज्या चार-पाच जणांना गावोगाव फिरून रोज एकत्र नेट लागतं, त्यांनी खुशाल डबी घ्यावी. त्यांची डबी कपाटात फुगणार नाही. पण वर्षातून तीनदा तीर्थाला आणि दोनदा लग्नाला जाणाऱ्या घराला ती कशासाठी?

बॅटरीवर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. लॅपटॉप असेल तर वायफायने न देता चार्जिंगच्याच वायरने फोन लॅपटॉपला जोडा आणि यूएसबी टेदरिंग सुरू करा. वायर मात्र डेटा जाणारी हवी. काही स्वस्त वायरींमधून फक्त वीज जाते. नेटही मिळतं आणि लॅपटॉपमधून फोन चार्जही होत राहतो. मला हे पुतणीने शिकवलं, आणि बासष्टाव्या वर्षी मला जमलं तर तुम्हालाही जमेल. लांबच्या प्रवासात, म्हणजे विदर्भ एक्स्प्रेसने दुपारी निघून दुसऱ्या सकाळी मुंबईला पोचेपर्यंत, एक पॉवर बँक जवळ ठेवा. ती एकदाच विकत घ्यायची, तिला दर 28 दिवसांनी पैसे मागता येत नाहीत. फोन खिडकीजवळ ठेवा, पण उन्हात नाही.

आणखी एक चोर आहे, तो लॅपटॉपमध्ये बसलेला असतो. वायफाय दिसलं की लॅपटॉपला वाटतं घरचंच नेट आहे, मग तो आपल्या मनाने स्वतःचे अपडेट उतरवत बसतो आणि दीड जीबी अर्ध्या तासात फस्त. सेटिंगमध्ये त्या जोडणीला "मीटर्ड" करून ठेवायचं. आणि हॉटस्पॉटचा पासवर्ड 12345678 ठेवू नका गं. डब्यातला कोणी अनोळखी माणूस आपल्या सिमवरून काय काय करेल, आणि विचारणा आपल्याला होईल.

आता बाईंच्या प्रश्नाकडे येते. राग मला खरा इथे आहे. आपली डबी फुगली तर चार हजारांचा धडा. त्यांची डबी टोल्यावर गप्प बसली तर हप्ता मात्र चालूच. दुकानदाराने त्यांना एकदाही विचारलं नाही की गावात टॉवर कोणत्या कंपनीचा आहे. आमच्या भाऊजींनीही नाही. जंगलाला लागून असलेल्या गावांमध्ये नेट नसणं हा बाईंच्या खरेदीचा दोष नाही, तो टॉवरचा प्रश्न आहे. केंद्र सरकारने जुलै 2022 मध्ये देशभरातल्या नेट न पोचलेल्या 24,680 गावांसाठी 26,316 कोटी रुपये मंजूर केले, काम बीएसएनएलकडे दिलं. म्हणजे जिथे टॉवर नाही तिथे टॉवरच लागतो, हे सरकारलाही कळतं. ग्रामसभेत अर्ज द्यायचा तो टॉवरसाठी. आणि आपण शहरातल्या सुजाण लोकांनी त्या माणसांना डबी घ्यायचा सल्ला द्यायचा?

मी बाईंना म्हटलं, "घेऊ नका. आधी मुलीला सांगा, मामाच्या टोल्यावर कोणाच्या फोनवर व्हिडिओ न अडकता चालतो ते बघून ये. घरात नाही, तर शाळेजवळ, पाण्याच्या टाकीजवळ, जिथे चालत असेल तिथे उभी राहून बघ. आणि ती कंपनी कोणती ते विचार."

मुलगी रविवारी जाऊन आली. तिच्या आणि बाईंच्या दोघींच्याही फोनमध्ये एकाच कंपनीचं सिम होतं, आणि त्या कंपनीचं तिथे काहीच लागत नाही. मामाच्या शेजाऱ्याच्या फोनवर मात्र शाळेच्या व्हरांड्यात बरं चालतं. त्याची कंपनी दुसरी. मग आम्ही बाईंचा नंबर तोच ठेवून त्या कंपनीत न्यायचं ठरवलं. 1900 ला संदेश पाठवला, कोड आला, आधार घेऊन दुकानात गेलो, काही दिवसांत होईल म्हणाले. धडे इथे गोंदियातच माझ्या घरच्या वायफायवर फोनमध्ये उतरवून न्यायचे, तिथलं नेट फक्त रविवारच्या परीक्षेपुरतं. टोल्यावरच्या आणखी दोन मुली तीच परीक्षा देतात असं तिने सांगितलं. त्या तिच्याच हॉटस्पॉटवर बसणार आहेत.

बाई हप्त्याचा कागद परत द्यायला दुकानात गेल्या तेव्हा मी बरोबर गेले होते. दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "काकू, तुम्हाला दाखवू का एक? नवीन मॉडेल आलंय."