गेटवरची यादी

ऑफिसच्या दारात वॉचमन आहे, कार्ड पंच आहे, वर कॅमेराही आहे. मान्य, बॉस! पण त्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचं सेटिंग कोण कोण उघडू शकतं, हे कधी विचारलंय?

ट्रॉम्बेला गेलो की मला हा प्रश्न हमखास पडतो. इथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पासाशिवाय पाऊल टाकून दाखवा! पण मे १९९८मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि पुढच्याच महिन्यात ‘मिलवर्म’ नावाची टीनएजर पोरांची परदेशी टोळी केंद्राच्या सर्व्हरमध्ये शिरली. गेट, पास, वॉचमन सगळे जागच्या जागी. पोरांनी ईमेल पळवले, वेबसाइटवर अणुस्फोटाच्या ढगाचं चित्र चिकटवलं. अणुभट्ट्यांपर्यंत मात्र ती पोचली नाहीत. नाजूक कामाचं नेटवर्क इंटरनेटला जोडलेलंच नव्हतं, असं केंद्राने सांगितलं.

मला यातला हा शेवटचा भाग महत्त्वाचा वाटतो. पासवर्ड म्हणजे कुलूप. किल्ली जुळवत बसायची चिकाटी कुणाकडेही असू शकते. पण कुलपापर्यंत पोचूच दिलं नाही तर?

त्यासाठी असते ॲक्सेस कंट्रोल लिस्ट. नाव भारदस्त, काम वॉचमनच्या वहीचं. राउटरला सांगायचं : सेटिंगचं पान फक्त १९२.१६८.१.१० या पत्त्यावरच्या मशीनला उघड, बाकी सगळ्यांना नाही. यादी वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळणारी ओळ लागू होते. म्हणजे ‘सगळ्यांना येऊ द्या’ वर लिहिलं, तर खालच्या बंद्या फुकट. ‘कुणालाच नको’ वर लिहिलं, तर साहेब स्वतःच बाहेर! म्हणून आधी आपला पत्ता, शेवटी सरसकट नकार. आणि आपल्या मशीनचा पत्ता कायमचा ठरवून टाकायचा, नाहीतर उद्या तो पाहुण्याच्या मोबाइलला मिळायचा. पासवर्ड तरीही हवाच. खोटा पत्ता सांगून घुसणारेही असतात.

अणुकेंद्राची गोष्ट आपल्याला कशाला, असं वाटतंय? २०१६मध्ये ‘मिराय’ने कंपनीतून आलेले साठेक नाव-पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे, रेकॉर्डर, राउटर ताब्यात घेतले. ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच जोरावर झालेल्या हल्ल्यात ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास कोलमडले. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता.

घरच्या राउटरमध्ये एवढी मोठी यादी नसेलही. पण ‘रिमोट मॅनेजमेंट’ नावाचं बटण बहुधा सापडेल. ते बंद करा. पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय ठेवा. आणि सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये पार्किंगचं भांडण आटोपलं की सेक्रेटरींना एवढंच विचारा : सीसीटीव्हीचा डबा कुणाकुणाला उघडतो? उत्तर ‘माहीत नाही’ आलं, तर चहा येईपर्यंत उठू नका.