निर्जन म्हणता कोणाला?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भाच्याने मोटारीतून ॲरिझोना-युटाचे वाळवंट आम्हांला दाखविले. पेंटेड डेझर्टमधील रंगीत पट्ट्यांच्या टेकड्या, पावसाच्या ओहोळांनी चिरून काढलेली ती ‘बॅडलँड्स’, आणि शेवटी मॉन्युमेंट व्हॅली! परतलो तेव्हा गाठीला सहाशे छायाचित्रे होती. मी मोठ्या ऐटीत मथळा दिला: ‘निर्जन सृष्टी’.

दिवाळीच्या फराळाबरोबर पाहुण्यांपुढे असली छायाचित्रे हौसेने ठेवली जातात, म्हणून स्पष्टच लिहितो. तो मथळा खोटा होता. आणि तो खोटेपणा कॅमेऱ्याचा नव्हे, माझा होता.

ही दरी नावाहो लोकांची. १८६४ साली लष्कराने हजारो नावाहोंना शेकडो मैल पायी हाकलून नेले. १८६८ च्या तहानंतर ते आपल्या मुलखात परतले. १९५८ साली त्यांच्याच शासनाने येथे उद्यान स्थापिले. तेथील सतरा मैलांच्या कच्च्या रस्त्यावर मी घरे पाहिली, मेंढ्या पाहिल्या, पाण्याची पिंपे लादलेली एक गाडीही पाहिली. आणि केले काय? ती पिंपे चौकटीत येऊ नयेत म्हणून चार पावले डावीकडे सरकलो!

खडकांचे सौंदर्य मी नाकारीत नाही. तळचा मऊ थर झिजतो, वरच्या तांबड्या वालुकाश्माचा आधार सुटतो आणि उभ्या भेगांवरून कडा कोसळतो. म्हणून त्या भिंती अशा ताठ. हे सारे मी खोदून खोदून विचारले. खडक कसा उभा राहिला हे विचारले. त्याच्या सावलीत माणूस कसा राहतो, हे मात्र विचारावेसे वाटले नाही.

‘एवढ्याशा मथळ्याने कोणाचे काय बिघडते?’ असे कोणी म्हणेल. बिघडते. जी भूमी ओसाड ठरते, तिच्याशी कसेही वागण्याची मुभा माणूस स्वतःला देतो. १९४४ ते १९८६ या काळात नावाहो भूमीतून सुमारे ३ कोटी टन युरेनियमचे खनिज काढले गेले; या दरीच्या परिसरातही खाणी होत्या. मालक गेले, पाचशेहून अधिक खाणी तशाच टाकून गेले. खाणीत राबलेल्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाने गाठले. नुकसानभरपाईचा कायदा व्हायला १९९० साल उजाडले. आजही तेथील कित्येक घरी नळ नाही. पाणी दुरून आणावे लागते. माझ्या चित्राला नडलेली पिंपे ती हीच!

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तेथील रहिवाशांचे छायाचित्र परवानगीवाचून घेऊ नये, असा नियमच आहे. मग त्यांना वगळले यात गैर ते काय? वगळण्यात गैर काहीच नाही. त्यांच्या दारात कॅमेरा रोखा, असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु एखाद्याच्या घरात जाऊन, त्याच्या इच्छेला मान देऊन त्याचे चित्र न काढणे वेगळे, आणि बाहेर येऊन ‘घरात कोणी नव्हते’ असे सांगणे वेगळे. पहिली सभ्यता आहे. दुसरी खोटी साक्ष आहे.

माण-खटावच्या माळावर उद्या कोणी परका उतरला, दोन टेकड्यांची चित्रे काढून खाली ‘येथे कोणी नाही’ असे लिहून गेला, तर आपण त्याला काय म्हणू?

तेव्हा मंडळी, खुशाल फिरा, खुशाल चित्रे काढा. फक्त खाली दोन शब्द खरे लिहा. मी माझा मथळा खोडला आहे. आता तेथे एवढेच आहे: ‘नावाहोंच्या गावी. पाण्याची गाडी उजवीकडे होती. मी ती दाखविली नाही.’