दोन जीव सापडले, गुहा मात्र हरवलेलीच

प्रतिनिधी

नामशेष झाला असे मानला गेलेला एखादा प्राणी पुन्हा दिसला, की तो निसर्गाच्या चिवटपणाचा पुरावा ठरवला जातो. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल शहरातल्या शेल्टा गुहेत २०१९ आणि २०२० मध्ये सापडलेल्या क्रेफिशच्या बाबतीतही असेच झाले. प्रत्यक्षात या शोधातून आनंदापेक्षा इशाराच अधिक मिळतो.

क्रेफिश हा गोड्या पाण्यात राहणारा, शेवंडीच्या नात्यातला जीव. 'शेल्टा केव्ह क्रेफिश' ही त्याची जात जगात या एकाच गुहेत आढळते. कायमच्या अंधारात राहत असल्याने तो रंगहीन आणि दृष्टिहीन आहे. कवच जवळजवळ पारदर्शक. डोके व छातीवरील या कवचाची लांबी एक इंचही भरत नाही. गुहेत क्रेफिशच्या आणखी दोन जाती आहेत. त्यांच्या तुलनेत हा लहान आणि त्याच्या नांग्या बारीक. जॉन आणि मार्था कूपर यांनी १९९७ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हाच तो दुर्मिळ झाला होता. १९६३ ते १९७५ या काळात ११५ क्रेफिशची नोंद झाली होती. त्यानंतर १९८८ मध्ये एक दिसला आणि पुढची तीन दशके एकही नाही.

अलाबामा विद्यापीठाच्या हंट्सव्हिल येथील जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू निमिलर यांच्या पथकाने २०१८ ते २०२१ दरम्यान गुहेत वीस वेळा शोध घेतला. हाती लागले ते दोनच क्रेफिश : २०१९ मध्ये एक मादी आणि २०२० मध्ये एक नर. जनुकीय तपासणीने त्यांची ओळख पक्की झाली आणि २०२२ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

संरक्षणच मुळावर

ही गुहा कधीकाळी अमेरिकेच्या पूर्व भागातील सर्वाधिक समृद्ध गुहांपैकी एक गणली जात होती. तिच्यात केवळ गुहेतच जगू शकणाऱ्या किमान बारा जातींची नोंद आहे. तिची घसरण उपेक्षेतून झाली असती, तर दोष देणे सोपे होते. पण येथे झाले उलटेच. गुहेचे रक्षण व्हावे म्हणून 'नॅशनल स्पेलिओलॉजिकल सोसायटी' या गुहा-संशोधकांच्या संस्थेने १९६७ मध्ये ती विकत घेतली आणि घुसखोरांना रोखण्यासाठी तोंडाशी भक्कम दरवाजा बसवला. माणसे थांबली, मात्र वटवाघळांचाही रस्ता बंद झाला. काही वर्षांतच करड्या वटवाघळांची वसाहत तेथून नाहीशी झाली.

गुहेत सूर्यप्रकाश नाही, म्हणून वनस्पती नाहीत; अन्न बाहेरूनच यावे लागते. बाहेर किडे खाऊन परतणाऱ्या वटवाघळांची विष्ठा हाच तेथील अन्नसाखळीचा मोठा आधार होता. तीवर बुरशी व सूक्ष्मजीव, त्यांवर छोटे कीटक आणि पुढे पाण्यातील प्राणी जगत. वटवाघळे गेली आणि कोठारच रिकामे झाले. चूक लक्षात आल्यावर १९८१ मध्ये वटवाघळांना सोयीचा दरवाजा बसवण्यात आला. पण वसाहत परतली नाही.

शहराचे ओझे

दुसरा घाव शहराचा. १९५० मध्ये जेमतेम साडेसोळा हजार वस्तीचे हंट्सव्हिल अवकाश संशोधनामुळे झपाट्याने वाढले. २०२० च्या जनगणनेत २ लाख १५ हजार लोकसंख्येसह ते राज्यातील सर्वांत मोठे शहर ठरले. गुहेभोवती वस्ती आली. चुनखडीच्या भेगाळ खडकातून पावसाचे पाणी फारसे न गाळताच खाली उतरते. रस्त्यावरील तेल, बागांतील कीटकनाशके, सांडपाणी असे वर जे सांडेल ते थेट भूजलात जाते. वटवाघळांची वसाहत नष्ट होणे आणि भूजलाचे प्रदूषण ही ऱ्हासाची प्रमुख कारणे मानली जातात.

या घटनेचा अर्थ एका जिवापुरता मर्यादित नाही. भूजल ही माणसाचीही गरज आहे आणि त्याचे आरोग्य त्यातील जीवांवरून कळते. यापुढे क्रेफिश हाती न लागताही, पाण्यात मिसळलेल्या त्याच्या जनुकीय अंशांवरून अस्तित्व ओळखता येईल. त्यासाठी लागणारी माहिती या दोन जिवांनी दिली आहे. मात्र अस्तित्व कळणे म्हणजे ते टिकणे नव्हे. वीस फेऱ्यांत एक नर आणि एक मादी, तीही वर्षभराहून अधिक अंतराने, ही संख्या वंश सावरल्याची खचितच नाही. एका दरवाजाने केलेले नुकसान दुसऱ्या दरवाजाने भरून निघाले नाही, हा शेल्टा गुहेचा खरा धडा आहे.