बेल्ट नंतर, आधी क्लास बघा

धाकट्याला कराटे लावायचं की ज्युदो, हे आई-बाबा हल्ली तुम्हालाच विचारतात ना? मग फी भरण्याआधी एक तास क्लासला जाऊन बसा. ज्युदोत पहिला धडा पडण्याचा, युकेमी. हनुवटी छातीकडे, हात आपटून पडायचं. सायकलवरून घसरलात तरी कामी येतं. कराटेत काता, तायक्वांदोत लाथा, कोल्हापुरात मर्दानी खेळाची लाठी. कला कुठलीही चालेल. चुकलेल्या पोराला सर समजावतात की त्याची खिल्ली उडवतात, ते बघा. माझ्या बहिणीने तीन बेल्ट मिळवले, पण सरांना ‘दुखतंय’ म्हणायची तिची हिंमत झाली नाही. गप्प बसणं म्हणजे शिस्त नव्हे. ‘नको’ म्हणणं, ओरडणं, पळून जाणं हेही स्वसंरक्षणच. हे शिकवतात तिथेच नाव घाला.