लंडनचा विद्यार्थी, नाशिकचा खून : एका खटल्याविषयीच्या शंका

१/ १३ मार्च १९१०, लंडनचे व्हिक्टोरिया स्थानक. पॅरिसहून परतलेल्या २६ वर्षांच्या विनायक दामोदर सावरकरांना पोलिसांनी अटक केली. आरोपांपैकी एक होता नाशिकमधील खुनास साहाय्य केल्याचा. खून झाला तेव्हा ते नाशिकपासून हजारो मैल दूर होते. हा धागा त्यांच्या राजकारणाचा नव्हे, त्या खटल्याचा आहे.

२/ २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. लंडनच्या इंडिया हाउसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्याबरोबर सावरकरांनी २० ब्राउनिंग पिस्तुले पाठविली व त्यांतील एक या खुनात वापरले गेले, असा सरकार पक्षाचा दावा होता. अमीन माफीचा साक्षीदार झाला.

३/ पुरावा पोकळ नव्हता, हे प्रथम मान्य करावे. परंतु तारखा पाहाव्यात. पिस्तुले लंडनहून निघाली १९०९ च्या प्रारंभी. थोरले बंधू बाबाराव यांना जन्मठेप झाली जून १९०९ मध्ये. जॅक्सनविषयीचा रोष मुख्यतः याच खटल्यातून पेटला. हेतू नंतरचा आणि शस्त्र आधीचे! व्यापक कटातील सहभाग आणि एका विशिष्ट खुनास साहाय्य या दोन भिन्न गोष्टी आहेत.

४/ दुसरी शंका कायद्याची. सावरकरांना भारतात पाठविण्यासाठी १८८१ चा फरारी गुन्हेगारांचा कायदा वापरला गेला. पण ते फरार कधी झाले होते? १९०६ मध्ये ते उघडपणे बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस गेले होते. पाठवणी अन्यायकारक ठरत असेल तर ती नाकारण्याची मुभा त्याच कायद्यात होती. इंग्रज न्यायालयांनी ती वापरली नाही.

५/ याचा परिणाम मोठा होता. इंग्लंडमध्ये खटला चालता, तर निर्णय ज्यूरीने दिला असता. मुंबईत त्यांच्यापुढे आले तीन न्यायाधीशांचे विशेष न्यायासन. ज्यूरी नाही, अपील नाही.

६/ ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिस बंदरात त्यांनी ‘मोरिया’ बोटीवरून उडी घेतली व फ्रान्सची भूमी गाठली. फ्रेंच शिपायाने पकडून त्यांना पुन्हा बोटीवर दिले. फ्रान्सने हरकत घेतली. प्रकरण हेगच्या लवादाकडे गेले. मुंबईचे न्यायासन मात्र थांबले नाही. आरोपी समोर आहे, तो कसा आणला गेला हा आमचा प्रश्न नाही, अशी त्याची भूमिका होती.

७/ पहिली जन्मठेप डिसेंबर १९१० मध्ये, खुनास साहाय्य केल्याची दुसरी जानेवारी १९११ मध्ये. एकूण ५० वर्षे. हेगचा निवाडा आला २४ फेब्रुवारी १९११ रोजी. सोपविण्यात अनियमितता घडली, परंतु कैदी परत देण्याचे बंधन ब्रिटनवर नाही! चूक मान्य, भरपाई अमान्य.

८/ पुढे २०१९ मध्ये हेगमध्येच, पण वेगळ्या न्यायालयात, कुलभूषण जाधव प्रकरणी भारताने प्रक्रियेचाच मुद्दा मांडला. वकिलातीचा संपर्क नाकारून पाकिस्तानने आंतरराष्ट्रीय कराराचा भंग केला, असा निकाल लागला. शिक्षेचा फेरविचार करण्याचा आदेशही झाला.

९/ सावरकरांचे भक्त या खटल्यात केवळ शौर्य शोधतात, टीकाकार केवळ अपराध. दोघांच्याही नजरेतून न्यायप्रक्रिया निसटते. आरोपी दोषी असेलही. पण न्यायासनाची कसोटी नेमकी तेव्हाच लागते. नावडत्या माणसाला मिळालेला न्याय तपासणे, हीच इतिहासाच्या विद्यार्थ्याची खरी परीक्षा.