उलट बोलायला शिकवा

उत्तनला केशवसृष्टीत रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी आहे. संस्था 1982 ची. देशभरातले लोकप्रतिनिधी तिथे प्रशिक्षणाला येतात. चांगलंच आहे. पण निवडून आलेल्यांना तयार करायची सोय गावात असेल, तर त्यांना प्रश्न विचारणाऱ्यांना कोण तयार करणार?

'आमच्याकडे वक्तृत्व स्पर्धा होतात की,' असं शाळा म्हणतील. होतात. सर भाषण लिहून देतात, मुलगी पाठ करते, टिळक पुण्यतिथीला म्हणते आणि ढाल घेऊन घरी जाते. मध्येच 'कशावरून?' असं तिला कुणी विचारत नाही. हे पाठांतर झालं. वादविवादात समोरच्याचं नीट ऐकावं लागतं आणि तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं.

उत्तनला याची गरज रोजची आहे. मीरा-भाईंदरचा कचरा वर्षानुवर्षं इथल्या धावगी डोंगरावर येतो. मोठ्या प्रकल्पांसाठी 2006 च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी घेतात. तिथे अधिकाऱ्यांकडे स्लाइड्स असतात. कोळणीकडे समुद्राची माहिती असते, पण आपली बोली 'अशुद्ध' वाटून ती माईक पुढच्याकडे देते. ही लाज तिला शाळेनेच लावलेली असते.

'मुलांना धड वाचता येत नाही, वाद कसला शिकवता?' असंही विचारतील. पण बाजू मांडायची असली की मूल वाचतंच, कारण त्याला पुरावा हवा असतो. 1848 मध्ये मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी निबंध वाचायला आणि चर्चा करायला सभा काढली. पुढच्याच वर्षी त्या सभेने मुलींच्या शाळा सुरू केल्या. चर्चा नुसती तोंडाची वाफ नसते.

दहावीला चित्रकला, खेळ, लोककला यांचे वाढीव गुण मिळतात. वादविवादालाही द्या. महापालिकेने आपल्या प्रत्येक शाळेत आठवड्याला एक तास आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाला पैसे द्यावेत. विषय वॉर्डातले घ्या. बाजू चिठ्ठी टाकून ठरवा. गुण आवाजाला नको, उत्तराला द्या. बोली कुठलीही चालेल.

खर्च सरकारी तिजोरीतूनच व्हायला हवा. नाहीतर फी भरणाऱ्यांची मुलं बोलायला शिकतील आणि बाकीच्यांची टाळ्या वाजवायला. 'उलट बोलू नकोस' हे आपण घरी भरपूर ऐकलंय. निदान शाळेने तरी उलट, पण मुद्द्याचं बोलायला शिकवावं.