सायकल मिळाली, पण चेनचं काय?

आज नगरपालिका नाही, पीकविमा नाही. आज सायकलच्या चेनबद्दल लिहितोय, आणि जरा लांबलचक लिहितोय. पत्रकाराचे विषय संपले असं ज्यांना वाटेल त्यांनी आधी पूर्ण वाचावं, मग खुशाल कमेंटमध्ये सुनवावं.

मागच्या महिन्यात एका बातमीसाठी तालुक्यातल्या एका हायस्कूलला गेलो होतो. शेडमध्ये मुलींच्या सायकली होत्या, आणि त्यातल्या काहींवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. बाईंना विचारलं, या कुणाच्या? म्हणाल्या, "आहेत मुलींच्याच. चेन सारखी पडते म्हणून इथेच ठेवल्यात. पोरी आता काळीपिवळीने येतात, नाहीतर येत नाहीत. बापाला विचारलं की म्हणतो, सुगी झाल्यावर बघू."

मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या 125 मागास तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. आधी 3,500 रुपये मिळायचे, 2022 मध्ये ते 5,000 झाले. योजना चांगली आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. एसटीची फेरी बंद पडली की सगळ्यात आधी मुलीचीच शाळा सुटते, हे आपण सगळे जाणतो. पण सायकल वाटपाचे फोटो आपण छापतो, हार घालतो, आणि दोन पावसाळ्यांनंतर ती सायकल चालते का, हे विचारायला कुणी जात नाही. सायकल बंद पडण्याची कारणं मुख्यतः दोनच असतात: पंक्चर आणि चेन. पंक्चर निदान गावात कुणीतरी काढतं. चेनचं मात्र सगळ्यांना वाटतं की हे मिस्त्रीचंच काम.

माझं म्हणणं एवढंच आहे की ते घरचं काम आहे. गॅसचा सिलिंडर बदलण्याइतकं घरचं.

आणि हे फक्त साध्या सायकलीचं नाही. लॉकडाऊननंतर आपल्या गावात गिअरच्या, बारीक टायरच्या रोड बाईक आल्या. डॉक्टर मंडळी, दोन-तीन प्राध्यापक, बँकेतले साहेब, सगळे पहाटे बायपासला दिसायचे. आता निम्म्या सायकली गॅलरीत कपडे वाळवायच्या कामी येतात. विचारलं की उत्तर ठरलेलं: "गिअर खटखट करतात, इथे कुणाला येत नाही, संभाजीनगरला न्यावी लागेल." म्हणजे दहा मिनिटांच्या कामासाठी सायकल गाडीवर बांधून शहरात न्यायची. मीही एकदा नेली होती. तिथल्या दुकानदाराने चेनला हातसुद्धा न लावता सांगितलं, चेन, मागची कॅसेट, पुढचं चेनव्हील, सगळं बदला. घरी येऊन पट्टी लावली. झिजली होती ती फक्त चेन. नवी मागवून घरीच बसवली, जुन्या कॅसेटवर आजही बिनतक्रार चालते.

पट्टी कशी लावायची, ते नीट सांगतो, कारण सगळी बचत इथेच आहे. 1880 साली मँचेस्टरमध्ये हान्स रेनॉल्ड यांनी बुश-रोलर चेनचं पेटंट घेतलं. आपली चेन त्याच घराण्यातली. आज डॉक्टरांची लाखाची सायकल घ्या की योजनेतली पाच हजारांची, दोन्हींच्या चेनमध्ये एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर सारखंच असतं: अर्धा इंच. म्हणून इंचाच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी पुरते. चेन ताणून धरायची, शून्याची खूण एका पिनच्या बरोब्बर मध्यावर ठेवायची. नव्या चेनमध्ये चोविसावी पिन बारा इंचांवर येते. ती एक-सोळांश इंच, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर गिअरच्या सायकलची चेन बदलायची वेळ झाली. एक-अष्टमांश इंच गेली असेल तर बहुतेक दातेही खाल्ले गेलेत, नवी चेन त्यावर घसरणार. आपण म्हणतो चेन ताणली. खरं तर लोखंड ताणत नाही, आतली पिन आणि तिच्याभोवतीचा भाग झिजतो. चेन वेळेवर बदलली तर कॅसेट वाचते, आणि कॅसेट चेनपेक्षा महाग असते. हे गणित आपल्याला दुकानात कुणी सांगेल अशी आशा ठेवू नका.

झीज का होते? आपल्याकडे तर काळ्या मातीमुळे. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात पीठासारखी धूळ. त्यात आपण चेनवर वरून भरमसाट ग्रीस थापतो किंवा गाडीचं जळकं ऑइल ओततो. धूळ त्याला चिकटते आणि पॉलिश पेपरसारखं काम सुरू होतं. खोबरेल तेल लावणारेही पाहिलेत, ते काही दिवसांत चिकट होऊन बसतं. निळ्या-पिवळ्या डब्यातला स्प्रे मळ काढायला ठीक, पण वंगण म्हणून टिकत नाही.

योग्य पद्धत फार साधी आहे. रॉकेल आता मिळतं कुठे, त्यामुळे थोडं डिझेल आणि जुना टूथब्रश घ्या. हे मोकळ्या हवेत करा, चुलीपासून लांब, आणि ते काळं पाणी नालीत ओतू नका. चेन पुसून पूर्ण वाळू द्या. मग चेनचं पातळ तेल, आणि ते नसेल तर शिलाई मशीनचं तेल, प्रत्येक रोलरवर एक एक थेंब. पायडल उलटं फिरवत पाच मिनिटं थांबा, आणि मग कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं तेल पुसून टाका. लोकांना हे पुसणंच पटत नाही. अहो, तेल हवंय ते आत, पिनपाशी. बाहेर राहिलं ते फक्त धुळीला आमंत्रण. आणि तेल चाकाच्या रिमवर उडू देऊ नका, ब्रेक लागणार नाही. शिलाई मशीनचं तेल पातळ असतं, पावसात भिजलं की पुन्हा लावायचं, एवढाच त्रास.

साध्या सायकलीची चेन पडते ती बहुतेक वेळा ढिली झाल्यामुळे. मागच्या चाकाचे दोन्ही नट सैल करा, चाक मागे ओढा. पायडल फिरवत जिथे चेन सगळ्यात ताठ होते तिथे थांबा. तिथेही मध्यावर बोटाने साधारण अर्धा इंच वर-खाली हलली पाहिजे. चाक मधोमध आहे का बघा आणि नट आवळा. चेन-लॉकला क्लिप असेल तर क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेला पळते त्या बाजूला, उघडं तोंड मागे. उलटी बसली तर कधीतरी भर रस्त्यात उडते.

गिअरच्या सायकलीला चेन बसवताना लांबी महत्त्वाची. जुनी कुणी बदललेली नसेल तर तिच्या कड्या मोजायच्या आणि तेवढ्याच नवीत ठेवायच्या. खात्री नसेल तर मागचा डिरेलर सोडून चेन पुढच्या सगळ्यात मोठ्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावरून गुंडाळायची, जिथे टोकं जुळतात त्यावर एक इंच जास्त धरून चेन टूलने पिन काढायची. नंतर डिरेलरच्या दोन छोट्या चाकांमधून ओवायची. तिथे एक बारीक पत्र्याची जीभ असते, चेन तिच्या आतल्या बाजूने गेली पाहिजे, नाहीतर खर्र खर्र आवाज येत राहतो आणि माणूस गिअरला दोष देतो. क्विक लिंक हाताने जोडून वरच्या बाजूला आणा, मागचा ब्रेक दाबून पायडलवर जोर द्या. कट्‌ आवाज आला की बसली. अकरा गिअरच्या सायकलीला अकराचीच चेन घ्या, आणि बऱ्याच कंपन्यांची ती लिंक एकदाच वापरायची असते, पाकिटावर बघा.

झालं. यात कुठलं इंजिनिअरिंग आहे सांगा.

आता कुणी म्हणेल, मिस्त्रीच्या पोटावर पाय देताय. आपल्या बसस्टँडजवळच्या चाचांना मी हेच विचारलं. ते हसले. म्हणाले, "भाऊ, सायकली चालल्या तर माझ्याकडे येतील ना. उभ्या सायकलीचं मी काय खाऊ?" चाक आउट होणं, बॉटम ब्रॅकेट, फ्रीव्हील, ही खरी मिस्त्रीची कामं, आणि ती चालत्या सायकलीलाच निघतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती मंत्र्यांकडे नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सांगितली आहे, स्थानिक कारागिरांकडून काम शिकायला. त्यातला एक दिवस चाचांना द्या, मानधन देऊन, फुकट नव्हे. मुलींना आधी बसवा. मुलगे पुढे घुसतात आणि मुली बघत राहतात, हे मी प्रत्येक कार्यशाळेत पाहिलंय. नववी-दहावीच्या ज्या मुलींकडे सायकली आहेत त्यांनाही त्या दिवशी बोलवा. आणि प्रत्येक हायस्कूलमध्ये एक पेटी ठेवा: चेन टूल, मागच्या नटाचा पान्हा, स्टीलची पट्टी, तेलाची बाटली, फडकी. मुख्याध्यापकांनी कपाटात कुलूप लावून ठेवायची नाही, शेडमध्ये ठेवायची.

सकाळच्या सायकल ग्रुपमधल्या साहेब लोकांनाही विनंती आहे. तुमच्यातल्या ज्यांना हे येतं त्यांनी महिन्यातला एक रविवार काढा. पहिल्या पेटीचा खर्च मी करतो. दुसरी कोण करतंय आणि कुठल्या शाळेसाठी, हे खाली कमेंटमध्ये शाळेच्या नावासकट लिहा, म्हणजे पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापकांना फोन करायला बरं.